मराठवाड्यातून सिंधुदुर्गात निघालात? या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते. तिकीट काढताना ‘सिंधुदुर्ग’ स्टेशन दिसतं आणि लातूर-परभणीकडचा माणूस डोळे झाकून तेच घेतो. ते स्टेशन ओरोसला आहे, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात, आणि मालवणला रेल्वेच नाही. कुडाळला उतरा. तिथं गाड्याही जास्त थांबतात, मालवणची एसटीही मिळते.

दौलताबाद पावसाळ्यात हिरवागार दिसतो म्हणून जुलैत मालवण गाठणारे बरेच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात होडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि पावसाळ्यात होड्या बंद. मग जेटीवरून फोटो काढायचा नि परत फिरायचं. पावसातच जायचं असेल तर विजयदुर्ग बघा, तिथं रस्त्यानं थेट दाराशी जाता येतं.

बाकीच्या दिवसांत सकाळची होडी धरा आणि परतीची वेळ बसण्याआधीच विचारून घ्या. नाहीतर किल्ल्यातल्या शिवराजेश्वराचं, म्हणजे महाराजांच्या मंदिराचं, दर्शन उरकून पळावं लागतं. तटावर छोट्या घुमटीखाली चुन्यात उमटलेला हाताचा ठसा आहे, महाराजांचा मानतात. तो घाईत हमखास राहतो. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही तशाच राहतात.

सगळ्यात मोठी फसगत जत्रेची. तुळजापूरचं नवरात्र तिथीवर, त्यामुळं कॅलेंडर बघून रजा टाकायची आपली सवय. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसतेच! देवीचा कौल मिळाला की तारीख ठरते. मागच्या वर्षीची तारीख धरून खोली घेतली तर रिकाम्या माळावर उभं राहाल. तारीख जाहीर झाली की मुंबईचे चाकरमानी तिकिटांवर तुटून पडतात, म्हणून त्याच दिवशी खोली बघा. कुणकेश्वरची जत्रा मात्र महाशिवरात्रीची, तिथं कॅलेंडर चालतं. गणपतीत ओळखीचं घर असेल तरच जा. खानावळवालेही आपापल्या घरी आरतीत असतात.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी मालवणजवळच्या तारकर्लीच्या समुद्रात जरा दमानं घ्यावं. ओहोटीचं पाणी आत ओढतं.

सोलापूर-कोल्हापूरमार्गे गाडी घेऊन जाणार असाल तर कुठला घाट चालू आहे ते कोल्हापुरातच विचारा. पावसात करूळ घाटात दरड आली की फोंडा घाटानं वळून जावं लागतं.