पहिलं वाद्य निवडताना: पेटी, तबला, बासरी की आणखी काही?

वाजवताना बेसूर लागलं, तर चूक हाताची की वाद्याची हे नवशिक्याला पहिलं वर्षभर तरी उमगत नाही. जाणकार माणूस पेटीचा गळका भाता किंवा तबल्याची उतरलेली पुडी (वरचं चामडं) सांभाळून घेतो. नवशिक्या मात्र त्या दोषासकट शिकतो, नाहीतर "आपल्याला जमणार नाही" म्हणून वाद्य माळ्यावर टाकतो. म्हणून "आत्ता शिकाऊ आहे, स्वस्तातलं घेऊ, पुढे बघू" हा घरोघरचा हिशेब इथे उलटा पडतो. पहिलं वाद्य महागडं नसलं तरी चालेल, पण त्याच्यावर शंका घ्यायची वेळ येता कामा नये.

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका. आठवड्यातून दोनदा जाता येईल इतक्या अंतरावर कोणत्या वाद्याचे गुरुजी किंवा बाई आहेत? आवड सतारीची आणि शिकवणारा पन्नास किलोमीटरवर, हे फार दिवस चालत नाही. दुसरं, घरात रोज अर्धा तास कधी आणि कुठे वाजवणार? फ्लॅटमध्ये तबला शेजाऱ्यांच्या भिंतीतून जातो, विशेषतः डग्गा, म्हणजे जोडीतलं खर्जाचं मोठं वाद्य. रात्री दहानंतरच वेळ मिळत असेल तर तबल्याचा नाद सोडा, किंवा सुट्टीच्या दिवसांवर भिस्त ठेवा. पेटी आणि बासरी हळू वाजवता येतात.

पेटी

ज्याला नक्की काय आवडतं हे अजून ठरलेलं नाही, त्यानं पेटी घ्यावी असा आमचा स्पष्ट कल आहे. कारण सरळ आहे: कळ दाबली की सूर जागेवर मिळतो, आणि नीट बनवलेली पेटी महिनोन्‌महिने सुरात राहते. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, स्वर ठोकळ्यासारखे ठरलेले असतात, या कारणांनी आकाशवाणीनं १९४० ते १९७१ अशी तीन दशकं तिच्यावर बंदी घातली होती. शास्त्रीय संगीताच्या अंगानं आक्षेप खरा होता, पण गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी मराठी रंगभूमीचं संगीत याच पेटीवर उभं केलं. नवशिक्याला तर तोच दोष सोयीचा पडतो.

पहिल्या पेटीला काय हवं आणि काय नको, ते आधी बघू. तीन ते सव्वातीन सप्तकं, म्हणजे ३७ किंवा ३९ कळा पुरतात. रीड, म्हणजे हवेनं थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पात्या, दोन ओळींच्या घ्या: खर्ज (खालच्या सुराची) आणि नर (मधल्या सुराची). एकेरी रीडचा आवाज पातळ लागतो, आणि तिसरी, मादी रीडची ओळ सुरुवातीला नुसतं वजन आणि किंमत वाढवते. कपलर नको: एका कळेबरोबर वरच्या किंवा खालच्या सप्तकातली कळ ओढली जाते, त्यामुळे कळा जड होतात आणि बिघाडाची आणखी एक जागा तयार होते. स्केल चेंजरही नको. त्यात अख्खा कळपट सरकतो, तो ठिकाणावर नीट बसला नाही तर कळा मधेच अडतात किंवा हवा सोडतात. शिवाय पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, बदलली तरी बोटं त्याच कळांवर ठेवायची सवय लागते, आणि मग साध्या पेटीवर दुसऱ्या पट्टीतून वाजवायची वेळ आली की हात अडखळतो.

पट्टीचं गणित एकदा समजून घ्या. सप्तकातल्या पांढऱ्या कळा एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार ते काळी पाच. पेटी स्वतःच्या गाण्यासाठी हवी असेल तर आपली पट्टी आधी गुरुजींकडून ठरवून घ्या आणि दुकानात तीच पट्टी सा धरून वाजवून बघा.

आता तपासणी. दुकानदार स्वतः वाजवून दाखवतो तेव्हा प्रत्येक पेटी छान वाटते, म्हणून पेटी आपल्या पुढ्यात घ्या.

सगळे स्टॉप (हवेची वाट उघडणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करा आणि हाताला दाब जाणवेपर्यंत भाता भरा. कळ दाबू नका. पंधरा-वीस सेकंद थांबा, मग एक स्टॉप उघडून मधली कळ दाबा. सूर दमदार आला तर भाता शाबूत आहे. हवा आधीच संपलेली असेल तर भात्याच्या घडीतलं चामडं किंवा सांधे गळतात. आता स्टॉप उघडे ठेवून तेच करा, पुन्हा कळ न दाबता. या वेळी कुठूनतरी "सूं" ऐकू आलं किंवा एखादा स्वर बारीक आपोआप वाजत राहिला, तर एखादी कळ खालच्या भोकावर नीट बसत नाही. दुसरा दोष दुरुस्त होतो आणि तो तिथल्या तिथे करून मागायला हरकत नाही. गळक्या भात्याची पेटी मात्र तिथेच सोडा.

मग भाता अगदी हलका ठेवून डावीकडून उजवीकडे एकेक कळ सावकाश दाबत जा, आधी फक्त खर्ज, मग फक्त नर. सगळ्या रीड साधारण सारख्याच दाबावर बोलल्या पाहिजेत. एखादी उशिरा उठत असेल तर तिची पात बसवण्यात गडबड आहे. झणझण आली तर ती कडेला घासते आहे किंवा तिच्यात धूळ अडकली आहे. पुढे दोन्ही ओळी एकत्र उघडा आणि एकच कळ धरून ठेवा. आवाज सपाट आला तर उत्तम. "वँव वँव" अशी लाट उठली तर दोन रीड एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. मोबाइलवर ट्यूनर ॲप लावून बघा, पण काटा प्रत्येक कळेला अगदी मधोमध यावा असा हट्ट नको. ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरापेक्षा किंचित चढी लावलेली पेटी चालते, फक्त सगळ्या कळा सारख्याच चढ्या हव्यात. एक कळ चढी आणि शेजारची उतरलेली असली तर ती नको.

जुनी पेटी मिळत असेल तर ती नव्या स्वस्त पेटीपेक्षा बरी पडू शकते, विशेषतः जुन्या जर्मन रीडची. तिथे भात्याची घडी उलगडून आतल्या कोपऱ्यांत बोट फिरवा. उंदरांनी कुरतडलेल्या आणि कसर लागलेल्या पेट्या बाहेरून नुसत्या पॉलिश करून विकल्या जातात.

घरी आणल्यावर पावसाळा सांभाळा. दमट हवेत लाकूड फुगून कळा अडकू लागतात. अडकलेल्या कळेला तेल लावण्याची चूक हटकून होते, त्यावर धूळ बसून कळ कायमची जड होते. पेटी खोक्यात, भिंतीपासून दूर ठेवा, रोज थोडी वाजवा, आणि "वाळवायला" म्हणून उन्हात कधीच ठेवू नका.

पेटीला एक धोका मात्र आहे. सूर वाद्य देतं, त्यामुळे कान आळशी होतो. पहिल्या दिवसापासून अलंकार (सुरांचे ठरलेले क्रम) वाजवताना तोंडानंही म्हणा. कळ दाबण्याआधी ग म्हटला आणि मग दाबून ताडून पाहिला, असं रोज पाच मिनिटं केलं तरी खूप होतं.

तबला

पाय ठेका धरत असतील, गाण्यापेक्षा त्याच्या लयीकडे लक्ष जात असेल, तर तबला घ्या. मुलं सातव्या-आठव्या वर्षी सुरू करू शकतात, पण खेळण्यातला छोटा तबला अजिबात नको. त्याची शाई (मधला काळा गोल) नावापुरती असते आणि "ना" हा बोल वाजतच नाही.

कोणत्या पट्टीचा तबला घ्यायचा, इथे लोक फसतात. तबल्याचं तोंड जितकं लहान, तितका स्वर चढा. काळी एकसाठी सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला लागतो, आणि घरी सरावाला बहुतेकांना तोच सोयीचा. बायकांच्या गाण्याला साथ करायची असेल तर पाच इंचांच्या आतला लागेल, पण तो पुढे घ्या. काळी एकचा तबला ओढून काळी चारला नेण्याचा प्रयत्न केला की पुडी फाटते. खोड शिसवीचं चांगलं. हलकं खोड असलं की हातोडी मारताना तबला जागेवरून हलतो आणि आवाजही कोरडा येतो.

दुकानात तबला चुंबळीवर (खालच्या कापडी कड्यावर) ठेवा आणि चाटेवर, म्हणजे काठावर, तर्जनीनं सगळीकडे "ना" वाजवत फिरा. आठही गट्ट्यांपाशी (वाद्या ताणणाऱ्या बाजूच्या लाकडी ठोकळ्यांपाशी) स्वर एकच आला पाहिजे. फरक असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर लावायला सांगा: गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. लावूनही एक बाजू वेगळीच बोलत असेल तर पुडी ओढताना तिरकी बसली आहे, तो तबला घेऊ नका. शाईवर बोट फिरवून बघा, काळी पूड हाताला लागली तर शाई लवकरच सुटणार. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, हातात जड लागणारा घ्या. पातळ पत्र्याच्या डग्ग्यात घुमारा येत नाही, आणि मग तो काढण्यासाठी मूल मनगट दाबून दाबून दुखवून घेतं.

अडचण अशी, की तबला सतत उतरतो. पावसाळ्यात पुडी सैल पडून स्वर खाली येतो, उन्हाळ्यात चढतो. पहिले सहा-आठ महिने लावण्याचं काम गुरुजींकडे सोपवा आणि ते लावतात तेव्हा शेजारी बसून ऐका. घामट हातांना पावडर लावायची तर अगदी चिमूटभर, नाहीतर ती शाईच्या भेगांत बसते. परदेशात असाल तर हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं पुडी ताणली जाऊन फाटते. भारतातून नेतानाच एक जादा पुडी आणि एक हातोडी सोबत घ्या.

बासरी

सगळ्यांत स्वस्त, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त फसवणारं वाद्य. जत्रेत, मंदिराबाहेर मिळणाऱ्या बहुतेक बासऱ्या शोभेच्या असतात. भोकं नजरेच्या अंदाजानं पाडलेली, त्यामुळे कितीही फुंका, ग आणि ध जागेवर येतच नाहीत.

मोठ्या माणसानं पांढरी पाचची, साधारण पंचवीस इंचांची बासरी घ्यावी. मुलांना आणि लहान हाताच्या मोठ्यांना पांढरी एकची, एकोणीस-वीस इंचांची बरी. मैफलीत दिसणारी तीस इंचांच्या आसपासची पांढरी तीनची बासरी पहिल्या वर्षी नको, उजव्या हाताचं तिसरं बोट भोकापर्यंत पोचता पोचत नाही. बासरीवर लिहिलेली पट्टी म्हणजे वरची तीन भोकं बंद केल्यावर येणारा स्वर. तो सा. दुकानात नेमकं एवढंच करा: वरची तीन बंद करून फुंका आणि ट्यूनरवर लिहिलेलाच स्वर येतो का बघा. मग जोर वाढवून तार सा काढा. मधला सा बरोबर आणि तार सा उतरलेला, असं झालं तर ती बासरी परत ठेवा. स्वतःला फुंकता येत नसेल तर फुंकणारा माणूस सोबत न्या, नुसतं बघून बासरी कळत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त वाराच ऐकू येतो, सूर लागत नाही. सलग फुंकल्यानं गरगरतंही. दोन मिनिटं फुंका, एक मिनिट थांबा. भोकं बोटांच्या टोकांनी दाबू नका, पेराच्या मांसल भागानं झाका. एका भोकातून जरी बारीक हवा सुटली तरी खालचे सगळे स्वर फाटतात, आणि नवशिक्या दोष फुंकीला देतो.

बाकीची

गिटारचं एकच सांगतो: स्टीलच्या तारांच्या गिटारीत बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) जाड तारेखाली दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर ती गिटार बोटं सोलते आणि तार दाबताना स्वरही चढतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ३६ इंची, नायलॉन तारांची पुरते.

कीबोर्ड घेणार असाल तर ६१ कळांचा, आणि कळ जोरात दाबली तर आवाज मोठा होणारा घ्या. घरी आणल्यावर एका बोटावर अख्खा बँड वाजवणारी सोय बंद करा, निदान वर्षभर. कीबोर्डवरची बोटं पेटीवर चालतात. भाता मात्र वेगळा शिकावा लागतो.

सतार आणि व्हायोलिन यांची ओढच असेल तर जरूर शिका, पण जवळ शिक्षक असेल तरच. सतारीच्या तरफांसकट (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांसकट) १८-२० तारा लावणं हेच एक स्वतंत्र शिक्षण आहे, आणि व्हायोलिनला पडदे नसल्यानं प्रत्येक स्वर कानानं शोधावा लागतो. सतार घ्यायची तर मिरजेला जाऊन घ्या. कारागीर समोर असतो, जवारी (तारेच्या झंकारासाठी घोडीला दिलेला घाट) हवी तशी करून मिळते.

खरेदीच्या दिवशी

शक्यतो शिकवणाऱ्याला सोबत न्या, आणि दुकानात गर्दी नसेल अशा वेळी, सकाळी जा. रहदारीच्या गोंगाटात गळती ऐकू येत नाही. शंका असेल तर महिनाभर भाड्यानं घ्या, पुण्या-मुंबईत अशी दुकानं आहेत. बिलावर रीडचा प्रकार किंवा तोंडाचा इंच, आणि पट्टी, हे सगळं लिहून मागा. नव्या पेटीचे सूर पहिल्या वर्षात थोडे हलतात, तेव्हा वर्षाच्या आत एकदा सुरात करून देण्याची बोली तिथेच करून घ्या आणि तीही बिलावर लिहवून घ्या.