ब्रॅकेट बुरशी मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधीची तयारी

ब्रॅकेट बुरशी म्हणजे लाकडावर फळीसारखी बाहेर येणारी बुरशी. तिचं नाव शोधताना मायक्रोस्कोप सगळ्यात शेवटी येतो बरं का, कारण ओंडक्यापाशी जे लिहून घेतलं नाही ते नंतर १००० पट मोठं करूनही दिसत नाही. म्हणून पिशवीत आधी वही-पेन्सिल, मग धारदार सुरी, १० पटीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि कागदी पाकिटं टाका. प्लास्टिक नको, आत घाम सुटतो आणि घरी पोचेपर्यंत नमुन्यावर भलतीच बुरशी उगवते, मग नाव नक्की कुणाचं शोधायचं? झाड कुठलं ते कळत असेल तर लिहाच, नाहीतर सालीचा तुकडा घ्या, आणि आतलं लाकूड पांढरट तंतुमय झालंय की तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतंय तेही बघा, एवढ्यावरच बरीच नावं गळतात. खालची बाजू उलटून १ मिमीत किती छिद्रं बसतात ते मोजा, छिद्रंच नसतील तर ट्रॅमेटिस हा वंश विसरा आणि स्टीरियम या वंशाकडे वळा, वरून दोघं सारखेच पट्टेदार दिसतात.

किड्यांनी पोखरलेला जुना तुकडा मोह झाला तरी नको, कड वाढती असलेला घ्या. रात्री छिद्रं खाली करून स्लाइडवर ठेवा, वर वाटी उपडी. प्रिंट, म्हणजे गळलेल्या स्पोरचा (बीजाणूंचा) ठसा, पडला तर उत्तम, कारण त्यातले स्पोर पिकलेले असतात.

टेबलावर नवी ब्लेडं हवीतच, खर्च करायचा तर इथे करा, काप जाड आला की कुठलाही महागडा रंग कामाचा नाही. दोन बारीक सुया, स्लाइड, कव्हरस्लिप, ३ ते ५ टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), काँगो रेड हा रंग आणि मेल्झर हे आयोडीनचं द्रावण. केओएच आणि मेल्झर एका थेंबात आणू नका, गढूळ होतं, दोघांसाठी वेगळा काप घ्या, आणि केओएच लेन्सला लागू देऊ नका. केओएचचा थेंब आधी गरावर टाकून बघा, तपकिरी गर काळा पडला आणि तसाच राहिला तर हायमेनोकीटेसी कुळ डोक्यात ठेवा, तिथे क्लॅम्प (तंतूच्या सांध्यावरचा आकड्यासारखा फुगवटा) शोधत बसू नका, नसतातच, त्याऐवजी टोकदार तपकिरी सीटी (काट्यासारख्या पेशी) दिसतात का बघा (सगळ्यांत नसतात). बाकीच्यांत क्लॅम्प असलाच तर पातळ भिंतीच्या हायफांवर (बुरशीच्या तंतूंवर) सापडतो, म्हणून वाढत्या कडेचा चिमूटभर तुकडा सुयांनी नीट पिंजून घ्यायचा, नुसता काप बघून मोनोमिटिक (एकाच प्रकारचे हायफा) की ट्रायमिटिक (तीन प्रकारचे) ते ठरवायला गेलात तर फसाल. मेल्झरमध्ये स्पोर किंवा हायफा निळेकाळे झाले तर अ‍ॅमिलॉइड, लालसर तपकिरी झाले तर डेक्स्ट्रिनॉइड. गॅनोडर्मा या वंशाचा स्पोर मात्र दुहेरी भिंत आणि एका टोकाला छाटल्यासारखा, लगेच कळतो.

आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याकडच्या भिंगासाठी) वेगळी जुळवून घ्या, १०० च्या ऑब्जेक्टिव्हला इमर्शन ऑइल, आणि निदान २० स्पोर मोजा, सुंदर दिसणारेच निवडून नाही. उरलेला अर्धा नमुना सुकवून वहीतल्याच नंबरच्या पाकिटात ठेवा, नाव पुढे बदलावं लागतंच.