तरुण संघ सुरू करताना या चुका टाळा

आपल्याकडे मंडळीतील (चर्चमधील) तरुण संघाची कल्पना बहुधा नाताळच्या कॅरल फेऱ्यांत सुचते आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी संघाचे उद्घाटनही होऊन जाते. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यानंतर गावी जाणे, लग्नसराई असे सुरू झाले की उपस्थिती पंचवीसवरून सहावर येते आणि ‘हल्लीच्या मुलांना देवाच्या वचनाची ओढच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. येथे ओढीपेक्षा मुहूर्त चुकलेला असतो. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश उरकल्यावर, जुलैच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे परीक्षांपूर्वी संघाला सहा-सात महिने सलग मिळतात.

दुसरी चूक मी स्वतः दोन वर्षे केली. बायबल अभ्यास म्हणजे मी बोलायचे आणि मुलांनी ऐकायचे, असा माझा समज होता. पाऊण तासाच्या माझ्या प्रवचनात मागच्या बाकावरचे मोबाइल उजळत राहत. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाच्या श्रोत्याची ही गत, तर आपली काय कथा! हल्ली आम्ही एकच उतारा घेतो. मार्क २ मधील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट (गर्दीमुळे त्याला छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडतात ती) वाचून झाल्यावर मी विचारले, ‘छप्पर उसकटताना घरमालक काय म्हणाला असेल?’ जवळजवळ मिनिटभर कोणीच बोलले नाही. असा मिनिट पुढाऱ्याला फार जड जातो आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो, पण तो मोह आवरावा. त्या दिवशी एरवी कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, ‘दुरुस्तीचा खर्च कोण देणार, असं विचारलं असेल,’ आणि पुढचा अर्धा तास दुसऱ्यासाठी आपण किती तोशीस सोसतो यावर मुलेच बोलत राहिली.

गायनाबाबत दोन्ही टोके टाळावीत. सगळी गीते इंग्रजी ठेवली तर मराठी माध्यमातली मुले नुसते ओठ हलवतात. केवळ जुनीच गीते घेतली तर गिटार वाजवणारा घरी बसतो. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, तेव्हा तीही नवलाईच होती, हे तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानावर नम्रपणे घालावे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील दोन आणि नवे एक गीत, असे प्रमाण आमच्याकडे जमले.

पाळकसाहेबांची आणि कमिटीची संमती आधी घ्यावी, नंतर नव्हे. वर्गणी पाच रुपयांची असली तरी वहीत लिहावी आणि हिशेबावर दोघांच्या सह्या असाव्यात.

एका बाबतीत मात्र संकोच परवडत नाही. संघातील अनेक जण अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्यापैकी कोणाशीही बंद खोलीत एकट्याने बोलू नये; शिबिराला नेताना पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि मुलींसोबत स्त्री कार्यकर्ती असावी. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊन बसू नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. प्रकरण मंडळीतच मिटवणे हा पर्याय नाही. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक सभागृहाच्या फळ्यावर कायम लिहिलेला असावा.

शेवटची चूक म्हणजे सगळे स्वतःच्या हातात ठेवणे. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो याने मोशेला हेच बजावले होते, की हे काम तुला एकट्याला झेपणार नाही. आम्ही सभागृहाची किल्ली एकोणीस वर्षांच्या सेक्रेटरीकडे दिली. पहिल्याच शनिवारी तो वीस मिनिटे उशिरा आला आणि आम्ही सारे पायरीवर बसून राहिलो. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती; ती मी बाहेर काढली नाही.