मिशिगनमधल्या जुन्या घराचा माळा

आमचं घर १९५०च्या दशकातलं. हिवाळ्यात वरच्या खोल्या गारठायच्या, छपराच्या कडेला बर्फाचे जाड थर साचायचे. माळ्यावर उष्णता रोखणारं (इन्सुलेशन) जुनं फायबरग्लास जेमतेम ४ इंच होतं.

खरं काम नवा थर टाकण्याआधीचं. पाइप आणि वायरी जिथून वर येतात त्या फटी फोमने बुजवल्या. चिमणीभोवती साधा फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. बाथरूमच्या पंख्याची दमट हवा माळ्यातच सुटत होती, ती नळीने छपराबाहेर काढली. कडेच्या झरोक्यांपाशी बॅफल, म्हणजे हवेची वाट मोकळी ठेवणाऱ्या पन्हळी, बसवले, नाहीतर हवा कोंडून लाकडाला बुरशी धरते.

मग भाड्याच्या मशीनने सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन, पसरलं. इंचाला साधारण ३.५ आर-व्हॅल्यू (उष्णता रोखण्याचं माप; जितकी जास्त तितकं चांगलं) मिळते. इथल्या थंडीला किमान आर-४९ हवं, म्हणून थर १४ इंचांच्या वर नेला. माळ्याच्या झाकणाला फोम बोर्ड आणि कडेने रबरी पट्टीही लावली. आता वरच्या खोल्या उबदार राहतात.

जुन्या माळ्यावर चमकदार, अभ्रकासारखे हलके खडे दिसले तर ते ढवळू नका. ते व्हर्मिक्युलाइट हे जुनं खनिज इन्सुलेशन असेल, त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं; आधी तज्ज्ञांना बोलवा.