दोन टीबीच्या पुढे: स्कझी डीबगमध्ये हात घालण्याआधी

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, खरं काम करायचंय पण हाताशी हार्डवेअर नाही, अशांना मी लिनक्सचा स्कझी डीबग (scsi_debug) ड्रायव्हर सुचवतो. स्कझी म्हणजे डिस्कशी बोलायच्या आज्ञांची पद्धत. नुसते स्पेलिंग सुधारणारे पॅच (कोडमधले बदल) पाठवून नाव लागतं, ड्रायव्हर कळत नाही. (माझं मत. राग मानू नका.) हा रॅमचा तुकडा डिस्क म्हणून मिरवतो. काही न सांगता लोड केला तर ८ एमबी. आकार फुगवून दाखवायचा तर व्हर्च्युअल जीबी (virtual_gb) हे पॅरामीटर आहे.

मी जिथे अडकलो ते मात्र सावकाश वाचा. एक जीबी म्हणजे ५१२ बाइटचे २०,९७,१५२ सेक्टर, म्हणजे दोनाचा २१वा घात. जीबीचा आकडा याने गुणायचा, एवढंच. पण दोन्ही बाजू साध्या इंट, म्हणजे ३२ बिटांचे पूर्णांक, असतील तर १०२४ जीबीलाच उत्तर उणे येतं आणि २०४८ला चक्क शून्य. उत्तर ज्यात ठेवायचं ते व्हेरिएबल ६४ बिटांचं आहे ना, मग काय बिघडतं? सगळं बिघडतं. सी (कर्नलची प्रोग्रॅमिंग भाषा) आधी गुणाकार उरकतं, उत्तर कुठे ठेवायचं ते मागाहून बघतं. पूर्ण कंसाला कास्ट लावलात, म्हणजे ‘हे ६४ बिटांचं मान’ असं सांगितलंत, तरी तेच, कारण वरचे बिट तोवर गेलेले असतात. कास्ट गुणाकाराच्या आधी, आतल्या एका आकड्याला लावा. ‘इंटऐवजी लाँग (सीमधला मोठा पूर्णांक) करून टाक’ म्हणणारे मेंटॉर भेटतील. त्यांना विचारा, ३२ बिटांच्या कर्नलवर लाँग केवढा असतो? ३२ बिटांचाच. तिथे ६४ बिटांचा साधा भागाकारही लिंक होताना अडतो, कर्नलचं डू डिव्ह (do_div) वापरावं लागतं.

घाबरू नका, बदल मोजक्याच ओळींचा असतो.

डिस्कचा आकार विचारायची स्कझी आज्ञा म्हणजे रीड कपॅसिटी. तिचा छोटा प्रकार, रीड कपॅसिटी १०, शेवटच्या सेक्टरचा क्रमांक देतो, एकूण संख्या नाही. तो ३२ बिटांत मावत नसेल तर सगळे बिट एक करून पाठवायचे, म्हणजे समोरचा ६४ बिटांचं उत्तर देणारी रीड कपॅसिटी १६ विचारतो. गंमत अशी की नव्या स्कझी पातळीच्या डिस्कला लिनक्स आधी १६च विचारतं. त्यामुळे तुमची १० साफ चुकलेली असली तरी एलएसब्लॉकमध्ये (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी कमांड) आकार बरोबर दिसतो. एसजी रीडकॅप (sg_readcap) या कमांडने दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या तपासा. दोन टीबीच्या सीमेवरचे २०४७, २०४८, २०४९ जीबी घालून बघा.

आणि अशा फुगवलेल्या डिस्कवर फाइलसिस्टिम बनवून ‘डेटा खराब होतो’ म्हणून बग नोंदवू नका. खाली रॅम ८ एमबीच आहे, पत्ते गुंडाळले जातात, म्हणजे रॅम संपली की पुन्हा सुरुवातीपासून मोजले जातात. सेक्टर ० वर लिहिलेलं सेक्टर १६,३८४ वरही दिसणारच.