पारा लागलेली वेसल साफ करताना या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतून शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या कामाला जाणारी पोरं मला फोन करतात, "दादा, आतून धुऊन चकाचक केलंय, आता कटिंग लावू का?" दर वेळी माझं उत्तर तेच असतं: थांब. वेसल म्हणजे गॅस प्लांटमधली बंद लोखंडी टाकी. नैसर्गिक गॅसबरोबर आलेला पारा थेंबाथेंबानं तिच्या तळाशी बसतो, तसाच गंजात, सल्फाइडच्या पापुद्र्यात आणि लोखंडाच्या वरच्या थरात मुरतो. पाण्याच्या जेटनं थेंब जातात, मुरलेला तिथंच राहतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गार पत्र्यावर पाऱ्याची वाफ मोजणारा मीटर लावून काम सुरू करणं. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये गॅस प्लांटचा जुना सेपरेटर (गॅस आणि द्रव वेगळं करणारी वेसल) दुरुस्तीला आला होता. डिसेंबरची सकाळ होती, पत्रा हाताला बर्फासारखा लागत होता. मीटरवर जवळजवळ शून्य, म्हणून मीच होकार दिला. अकराच्या सुमाराला कापणाऱ्या कारागिरानं नोझलवर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावर, गॅसचा टॉर्च लावला. संध्याकाळी त्याला खोकला, छातीत दडपण, अंगात ताप आणि तोंडाला धातूची चव. सगळे म्हणाले, गॅल्व्हनाइजचा धूर लागला असेल, दूध प्यायला द्या. मिरजेत डॉक्टरांनी लघवीतला पारा तपासला तेव्हा खरं कळलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोच सेपरेटर मोजला आणि आकडा बघून माझे हातपाय गळाले.

कारण साधं आहे. तापमान १० अंशांनी चढलं की पाऱ्याची वाफ जवळपास दुप्पट होते. आठ तासांच्या कामासाठी हवेत ०.०२५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा मानतात. २० अंशांवर उघड्या पाऱ्याजवळची कोंडलेली हवा तेरा मिलिग्रॅमपर्यंत भरते, म्हणजे मर्यादेच्या पाचशेपट. टॉर्चखाली काय होत असेल!

म्हणून मी वेसलची तोंडं प्लॅस्टिकनं बांधतो, दुपारचं ऊन खाऊ देतो आणि दोन तासांनी बारीक भोकातून मीटरची नळी आत घालतो. कापायचंच असेल तर आधी करवतीनं, गार पाणी सोडत, छोटा तुकडा काढून लॅबला पाठवतो. मालक कुरकुरतात, एक दिवस जातो. जाऊ दे.

पाण्याची वाफ सोडून "पारा उडवून" टाकायचा शॉर्टकट तर मला बघवतच नाही. पारा उडतो आणि पुढच्या गार पाइपात जाऊन बसतो, नाहीतर उघड्या व्हेंटमधून शेडमधल्या माणसांच्या छातीत जातो.

सल्फाइडच्या पापुद्र्यावर ॲसिड ओतू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिनिटांत माणूस आडवा करतो.

साधा व्हॅक्यूम क्लीनर नको, झाडूही नको. अंगठी आणि सोन्याची चेन घरी ठेवून या, पारा सोन्यात मुरतो.

ॲल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरला (गॅस गार-गरम करणाऱ्या यंत्राला) लोखंडाचा हिशोब लावू नका. पारा त्याचे जोड ठिसूळ करतो. १ जानेवारी २००४ला ऑस्ट्रेलियात मूम्बाच्या गॅस प्लांटमध्ये याच कारणानं स्फोट झाला.

धुळीचा साधा मास्क पाऱ्याच्या वाफेला अडवत नाही. मास्कला लावायचं पाऱ्यासाठीचंच कार्ट्रिज (गाळणी) घ्या आणि त्यावरची तारीख बघा.

कामाचे कपडे घरच्या बादलीत भिजवू नका, घरात लेकरं असतात.

धुतलेलं पाणी आणि गाळ झाकणाच्या ड्रममध्ये भरून, लेबल लावून, परवाना असलेल्या घातक कचरा केंद्राकडेच द्या. शेडमागच्या गटारात सोडलेलं पाणी ओढ्यानं कृष्णेत उतरतं, आणि सांगलीचं पिण्याचं पाणी कृष्णेतूनच उचललं जातं.