आरसी ट्रकचे ब्रेक: मोटरवर भागवायचं की डिस्क लावायची? या चुका टाळा

पावसाळा सरला की गोव्यातले सडे (खडकाळ माळरानं) सुकतात, कापणी झालेली शेतं मोकळी होतात आणि चार महिने कपाटात पडलेले इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवर चालणारे) ट्रक बाहेर निघतात. त्यासोबत नेहमीचा प्रश्नही निघतो: "दादा, ट्रक थांबतच नाही, डिस्क ब्रेक बसवू का?" बहुतेकांना माझं उत्तर "थांबा जरा" असंच असतं. मोटरच गाडी अडवते तो मूळचा ब्रेक कमजोर नसतो. एक तर सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर ब्रेकचा जोर चाकापर्यंत पोचण्याआधीच वाटेत कुठेतरी गळतो. डिस्क, म्हणजे फिरत्या चकतीला पॅडने दाबणारा वेगळा ब्रेक, खरोखर लागणाऱ्या गाड्या आहेत, पण थोड्या.

मोटर ब्रेककडून नको ती अपेक्षा

तुम्ही रिमोटचा ट्रिगर पुढे ढकलता तेव्हा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरच्या तिन्ही तारा आतल्या आत एकमेकींना जोडतो. फिरती मोटर त्या क्षणी जनरेटर बनते आणि तिने तयार केलेला करंट तिलाच अडवतो. ईएससी हे जोडणं-सोडणं सेकंदाला हजारो वेळा करतो, म्हणून ब्रेक कमी-जास्त करता येतो. थोडी वीज बॅटरीत परत जाते, बाकीची मोटर आणि ईएससी तापवते.

म्हणजे अडवायला मोटर फिरायला हवी. वेग उतरला की ब्रेकही उतरतो आणि गाडी उभी राहिली की जवळजवळ काहीच उरत नाही. आता कोणी पर्वरीच्या एखाद्या चढणीवर ट्रक ठेवतो, पूर्ण ब्रेक दाबतो आणि ट्रक हळूहळू मागे सरकताना पाहून "ब्रेक गेला" म्हणतो. गेलेला नाही, तो असाच असतो. क्रॉलर (दगडांवर हळू चढणारे ट्रक) उतारावर चिकटून राहतात ते गिअरच्या मोठ्या रिडक्शनमुळे (वेग कमी करून जोर वाढवल्यामुळे) आणि ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा) पूर्ण ठेवल्यामुळे. पळवायच्या ट्रकची परीक्षा सपाट जमिनीवर, वेगात असतानाच घ्या.

रेडिओ बदलला, कॅलिब्रेशन राहिलं

तक्रारींतला सगळ्यात मोठा वाटा याचाच. नवा ट्रान्समीटर (रिमोट) घेतला, जुन्याचं ट्रिम (न्यूट्रलची बारीक जुळवणी) फिरलं किंवा ब्रेकचा एंड पॉइंट (सिग्नलची शेवटची हद्द) कमी केला, तर ईएससीला पूर्ण ब्रेक म्हणजे नेमकं कुठे हे कळत नाही. ट्रिगर शेवटपर्यंत ढकललेला असतो आणि ईएससी अर्धाच ब्रेक देत असतो. न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण ब्रेक या तीन जागा त्याला पुन्हा शिकवा. क्रम मॅन्युअलमध्ये असतो तोच पाळा, कंपनीगणिक तो बदलतो.

मग प्रोग्रॅम कार्ड (ईएससीची सेटिंग बदलायचं छोटं यंत्र) काढा. ब्रेकचा कमाल जोर आणि ड्रॅग ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॅग ब्रेक ट्रिगर सोडल्या सोडल्या आपोआप लागतो. थांबत नाही म्हणून तो वाढवला, तर प्रत्येक वळणावर ट्रिगर सैल करताच मागचा भाग सुटतो, आणि मुख्य ब्रेक होता तिथेच राहतो.

साध्या ब्रश्ड (ब्रश असलेल्या मोटरच्या) ईएससीवर मोड बघा. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० वर दोन छोटे जम्पर (पिना जोडणाऱ्या टोप्या) असतात, एक बॅटरीच्या प्रकारासाठी, दुसरा मोडसाठी. मोडचा जम्पर थेट रिव्हर्सवर राहिला तर वेगात ट्रिगर ढकलताच ब्रेकऐवजी मोटर उलटी फिरू पाहते. क्रॉलरला तो मोड छान, पण पळत्या ट्रकच्या गिअरचे दात त्याने जातात.

पिनियनचंही (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचंही) लक्षात ठेवा. वेगासाठी मोठा पिनियन लावला की मोटरचा चाकावरचा जोर कमी होतो आणि तो ब्रेकलाही तितकाच कमी होतो. टॉप स्पीड वाढलं आणि ब्रेक मऊ झाला तर आश्चर्य कसलं!

जोर गळतो कुठे?

मोटर ब्रेकचा प्रवास लांबचा: मोटर, पिनियन, स्पर (पिनियनला भिडणारा मोठा गिअर), स्लिपर (झटका बसला की घसरणारा क्लच) असल्यास तो, मग शाफ्ट, डिफ (दोन बाजूंना जोर वाटणारे गिअर) आणि शेवटी चाक. यात एक जागा जरी सैल असली तरी ब्रेक तिथेच संपतो. पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर पकडून ठेवणारा) हा ठरलेला गुन्हेगार. मार्कर घ्या आणि पिनियनच्या तोंडावरून मोटरच्या शाफ्टच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढा. एक बॅटरी पॅक पळवून आल्यावर बघा. रेघ तुटून दोन तुकडे झाले असतील तर पिनियन शाफ्टवर घसरतोय. स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवर बरोबर बसवा आणि निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब द्या. काम पाच मिनिटांचं, आणि डिस्क किटचे पैसे वाचतात.

सैल स्लिपरचंही तेच. थ्रॉटल देताना जो "किर्र" करून घसरतो, तो ब्रेक लावतानाही घसरणारच.

मग डिस्क कुणाला?

हिशेब साधा आहे. ८ किलोचा ट्रक सेकंदाला १५ मीटरने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने जात असेल, तर त्याच्यात ९०० जूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला तर ३,६०० जूल. प्रत्येक थांबण्याला यातली बरीचशी उष्णता होऊन कुठेतरी जायलाच हवी. मोटर ब्रेकमध्ये ती मोटरच्या वाइंडिंगमध्ये आणि ईएससीच्या फेटमध्ये (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये) जाते, तेही आधीच थ्रॉटलने तापलेल्या. साध्या ग्रेडच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यापुढे ताकद उतरू लागते आणि थंड झाल्यावर सगळी परत येत नाही. अनमोड घाट उतरणारा ट्रकवाला गिअर आणि पायातला ब्रेक यांत भार वाटून घेतो, कारण एकट्यावर टाकला तर तो तापून जातो. तोच न्याय इथे.

तेव्हा १/५ स्केलचा (खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा) जड ट्रक, पेट्रोल किंवा नायट्रोवरून (मॉडेल इंजिनच्या इंधनावरून) इलेक्ट्रिक केलेली गाडी, अथवा रेसचा ट्रगी (ट्रक आणि बग्गी यांच्या मधली गाडी) असेल तर डिस्कचा विचार रास्त आहे. रेसवाल्यांचं कारण मात्र वेगळं. सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणारा) असलेल्या गाडीत मोटर ब्रेक पुढे-मागे कसा वाटायचा हे डिफ आणि त्यातलं तेल ठरवतं, तुमच्या हाती फक्त तेल बदलणं. सेंटर डिफच्या दोन्ही बाजूंना डिस्क असल्या की लिंकेजने (पॅड ओढणाऱ्या सळ्यांनी) पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा लावता येतो. सुरुवात पुढे किंचित जास्त ठेवून करा. मागे जास्त झाला की ट्रक गरकन फिरतो. पुढे फारच झाला तर सड्यावरच्या सुट्या जांभ्याच्या खड्यांवर चाकं वळवूनही गाडी सरळच जाते.

१/१० स्केलच्या ट्रकला डिस्क म्हणजे माझ्या मते हौस. हौसेला मोल नसतं, पण निदान गरज म्हणू नका.

डिस्क लावली आणि त्रास वाढला

दोन्ही ब्रेक एकदम चालू ठेवणं ही पहिली चूक. ईएससीचा ब्रेक शून्यावर आणा, नाहीतर चाकं कधी लॉक होतील याचा नेम राहत नाही.

दुसरी चूक वाय-केबलची (एका जागेवरून दोघांना सिग्नल देणाऱ्या तारेची). ईएससी आणि ब्रेकचा सर्व्हो (पॅड दाबणारी छोटी मोटर) एकाच चॅनलवर जोडले की एकाचा एंड पॉइंट लावताना दुसऱ्याचा बिघडतो. रेडिओत सोय असेल तर सर्व्हो वेगळ्या चॅनलवर टाका आणि मिक्सिंग करा (एकाच ट्रिगरला दोन्ही जोडा).

तिसरी चूक लिंकेजमध्ये. ट्रिगर मोकळा असताना डिस्क पूर्ण सुटी हवी. वहीच्या कागदाची पट्टी पॅड आणि डिस्कमधून अलगद सरकली पाहिजे. चाक उचलून हाताने फिरवा. सलग "सर्रर्र" आवाज आला तर पॅड घासतोय, आणि पाच मिनिटांनी "मोटर का तापते?" हा नवा प्रश्न येणार.

चौथी चूक महागात पडते. पूर्ण ब्रेकला सर्व्हो घुरघुरत असेल तर पॅड टेकल्यावरही तो ढकलतच आहे. अशा वेळी तो भरपूर करंट ओढतो, बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) दमतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि हे सगळं नेमकं ब्रेक हवा तेव्हा! चाकं वर ठेवून स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम टोकाला न्या आणि रिसीव्हरचा दिवा बघा. तो लुकलुकला तर सर्व्होचा एंड पॉइंट कमी करा, जड गाडीला वेगळा बीईसी द्या.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागणारी सेटिंग) ब्रेकच्या चॅनलवरही लावा. तो फक्त थ्रॉटलवर असेल तर सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते, गाडी मात्र धावत राहते. चाकं वर असतानाच ट्रान्समीटर बंद करून तपासा.

किनाऱ्यावरची वाळू

इथे मोटर ब्रेक सरळसरळ जिंकतो. ओली बारीक वाळू पॅडला चिकटते आणि डिस्कवर चरे पाडते. ओल्या डिस्कचा पहिला ब्रेक पोकळ जातो, आणि खारं पाणी लागलेली स्टीलची डिस्क दुसऱ्या दिवशी तांबूस झालेली दिसते. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात, तिथे तर ट्रक नेऊच नका. दुसरीकडे कुठे वाळूत चालवलाच, तर घरी येऊन गोड्या पाण्याने हलकं धुवा, वाऱ्यावर सुकवा, बेअरिंगना तेल द्या. तेल देताना डिस्कवर कापड गुंडाळा. डब्ल्यूडी-४० चा एक फवारा पॅडवर उडाला तर ते पॅड टाकूनच द्यावे लागतात.